दुसऱ्यावर लादलेलं तप



आज अध्याय १७, श्लोक १९. गेले पाच दिवस आपण तपाबद्दल वाचतोय. शरीराचं तप झालं, वाणीचं झालं, मनाचं झालं, मग सात्त्विक आणि राजस. आज तामस तप. भगवंत त्याच्या दोन खुणा सांगतात. एक म्हणजे मूढपणाने, हट्टाला पेटून स्वतःला पीडा देत केलेलं तप. दुसरी म्हणजे दुसऱ्याचा नाश व्हावा म्हणून केलेलं तप.

दरवर्षी हा श्लोक आला की मी भस्मासुराची गोष्ट सांगतो आणि पुढे सरकतो. पहिल्या वर्षी तर चार ओळींत उरकला होता. तामस तप म्हणजे राक्षसांचं काम, आपला काय संबंध, असं काहीसं डोक्यात असायचं. यंदा तसं जमलं नाही. शनिवारी रात्री एक सिनेमा पाहिला आणि रविवारी दिवसभर लॅपटॉप उघडून नुसता बसून राहिलो. आजचं लिखाण नेहमीपेक्षा मोठं झालंय. कंपनीच्या बसमध्ये वाचत असाल तर अर्धं संध्याकाळसाठी ठेवा.

सिनेमाचं नाव 'द मॅग्डालीन सिस्टर्स'. दिग्दर्शक पीटर मलन, साल २००२. त्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला गोल्डन लायन मिळाला आणि व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने त्याच्यावर कडक टीकाही केली. गोष्ट १९६४ सालच्या आयर्लंडमधली आहे.

सुरुवात एका लग्नाने होते. गाणं-बजावणं जोरात चालू आहे. मार्गारेट नावाच्या मुलीवर नात्यातलाच एक भाऊ बळजबरी करतो. ती खाली येऊन सांगते. मग ती गोष्ट एका कानातून दुसऱ्या कानात जाते, बापापर्यंत पोचते, पाद्र्यापर्यंत पोचते. आपल्याला शब्द ऐकूच येत नाहीत, वाद्यांचा आवाज इतका आहे. फक्त चेहरे दिसतात. त्या चेहऱ्यांवरून हळूहळू कळतं की निकाल लागलाय, आणि तो त्या मुलाच्या विरोधात लागलेला नाही. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी मार्गारेटला उठवून घरातून नेतात. धाकटा भाऊ खिडकीतून बघत राहतो.

तिला नेतात ते मॅग्डालीन लाँड्रीत. ही नन्सनी चालवलेली संस्था. बाहेरून येणारे कपडे आत मुली आणि बायका धुतात. पगार नाही. दाराला कुलूप. तिथे रोझ येते, तिला लग्नाआधी मूल झालंय. बर्नाडेट येते, अनाथाश्रमातली, तिचा गुन्हा एवढाच की ती दिसायला छान आहे आणि कुंपणापलीकडची मुलं तिच्याशी बोलतात. नवीन मुली मुख्य सिस्टरसमोर उभ्या राहतात तेव्हा ती टेबलावर नोटा मोजत असते, आणि त्यांना समजावते की इथे कष्ट आणि प्रार्थना करून तुमचा आत्मा शुद्ध होईल.

या बायकांना तिथे जो शब्द वापरत त्याचा अर्थ होतो 'प्रायश्चित्त घेणारी'. मी तिथेच अडकलो. प्रायश्चित्त कशाचं? मार्गारेटने काय केलं होतं?

सिनेमा म्हणजे पुरावा नाही, हे मला कळतं. म्हणून रविवारी निम्मा दिवस वाचण्यात घालवला. या संस्था अठराव्या शतकापासूनच्या आहेत. डब्लिनमधली पहिली एका प्रॉटेस्टंट बाईने सुरू केली होती, तीही चांगल्या हेतूने. पुढे बहुतेक कॅथलिक नन्सच्या संघांकडे गेल्या. १९२२ मध्ये आयर्लंड स्वतंत्र झाल्यानंतर अशा दहा लाँड्र्या चार संघ चालवत होते. शेवटची लाँड्री, डब्लिनच्या मध्यवस्तीतली, बंद झाली १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये. १९९६! आपल्यापैकी बरेच जण तेव्हा शाळेत जात होते किंवा नुकतेच जन्मले होते.

२०१३ मध्ये आयरिश सरकारच्या समितीचा अहवाल आला. १९२२ पासून किमान दहा हजार बायका-मुली यात होत्या. ज्यांना कोणी पाठवलं याची नोंद सापडली, त्यातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या बायकांना तिथे पोचवण्यात सरकारी यंत्रणेचा हात होता. पळून गेलेल्यांना पोलीस परत आणून सोडत. बऱ्याच जणी वर्षाच्या आत बाहेर पडल्या, काही मात्र तिथेच म्हाताऱ्या झाल्या आणि तिथेच गेल्या. सिनेमात दिसते तेवढी मारहाण अहवालात नाही, आणि अहवालाने आमचं दुःख कमी करून सांगितलं असं त्यातून वाचलेल्या बायकांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं आहे. त्या वादात मी पडत नाही. बिनपगारी काम, बंद दारं आणि कित्येकींचं बदललेलं नाव, एवढं कोणीच नाकारत नाही.

नावाचं जरा सांगतो. १९९३ मध्ये डब्लिनच्या हाय पार्क कॉन्व्हेंटने आपली काही जमीन बिल्डरला विकली. त्या जमिनीत लाँड्रीतल्या बायकांच्या कबरी होत्या. १३३ मृतदेह हलवायची परवानगी घेतली होती, उकरल्यावर आणखी २२ निघाले. एकूण १५५. यादीत काही जणींचं खरं नावच नव्हतं, संस्थेने दिलेलं संतिणीचं नाव तेवढं होतं. आयुष्यभर प्रायश्चित्त घेतलं आणि शेवटी हिशेबातही नीट लागल्या नाहीत.

आणि ज्या मेरी मॅग्डालीनच्या नावाने या संस्था चालल्या, ती वेश्या होती असं बायबलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. तो आळ नंतरच्या प्रवचनांनी तिच्यावर घातला. मूळ ग्रंथात पुनरुत्थानानंतर येशू दिसतो ती हीच बाई. म्हणजे एका निर्दोष बाईच्या नावाने हजारो बायकांना दोषी ठरवलं गेलं, आणि ग्रंथ तर सगळ्यांच्या हातात होता.

सिनेमा संपल्यावर मी बायकोला म्हटलं, "कसली माणसं असतात ना." ती भांडी आवरत होती. म्हणाली, "अरे, पण एवढे कपडे कोणाचे होते?"

मला प्रश्नच कळला नाही आधी.

"रोज ढिगाने कपडे येत होते ना धुवायला? कोणीतरी देत असणार, कोणीतरी घ्यायला येत असणार. त्यांना दिसत नव्हतं?"

तेही वाचलं मी. हॉटेलं होती, हॉस्पिटलं होती, सरकारी खाती होती, साधी घरंही होती. गाडी यायची, गाठोडं जायचं, पांढरंशुभ्र होऊन परत यायचं. ती माणसं वाईट नव्हती. दर रविवारी चर्चला जाणारी, तुमच्या-माझ्यासारखी श्रद्धावान होती. नन्सवर त्यांचा विश्वास होता. आत काय चालतं हे विचारणं म्हणजे देवाच्या कामावर शंका घेणं, असं त्यांना वाटत असणार. मुलीला तिथे सोडणारे बापसुद्धा घरी येऊन प्रार्थनेला बसले असतील.

इथपर्यंत वाचून कोणाच्या मनात "बघा, त्यांच्यात असं असतं" आलं असेल, तर जरा थांबा. सिनेमात शिक्षा म्हणून पोरींचे केस कापतात तेव्हा मला आयर्लंड आठवलंच नाही, केशवपन आठवलं. नवरा वारला यात बाईचा काय दोष होता? तरी तिचे केस गेले, तिचं कुंकू गेलं, तिने अंधाऱ्या खोलीत एकवेळ जेवून राहायचं, आणि या सगळ्याला धर्म म्हटलं गेलं. खंडोबाला मुरळ्या सोडल्या, यल्लम्माला पोरी सोडल्या. मुंबई इलाख्यात त्याविरुद्ध १९३४ मध्ये कायदा झाला, आणि तरीही महाराष्ट्राला २००५ चा नवा कायदा करावा लागला. सोडणारे आईबाप नास्तिक नव्हते. नवस फेडत होते.

आता आजच्या श्लोकाकडे येतो. प्रामाणिकपणे सांगायचं तर श्लोकात तप करणारा स्वतःच तप करतोय. दुसऱ्याकडून करून घेण्याचा उल्लेख तिथे नाही. पण याच अध्यायाच्या सुरुवातीला, पाचव्या-सहाव्या श्लोकात, भगवंत म्हणतात की शास्त्रात नसलेलं घोर तप करणारे दांभिक लोक देहाला छळतात आणि त्या देहात राहणाऱ्या मलाही छळतात. आधीच्या अध्यायात तर आपल्या आणि दुसऱ्याच्या देहात असलेल्या माझाच ते द्वेष करतात, असंही येतं. हे दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की मला एकच अर्थ दिसतो. स्वतःच्या देहाला उगाच पिळणं जर आतल्या देवाला पिळणं असेल, तर दुसऱ्याच्या देहाला त्याची इच्छा नसताना पिळणं काय असेल? तप नावाची गोष्ट माणूस स्वतः उचलतो. मी उपवास धरू शकतो. तुम्हाला उपाशी ठेवून त्याला एकादशी म्हणू शकत नाही.

हे सगळं लिहिणं सोपं होतं. कारण यात दोषी दुसरे आहेत आणि साठ वर्षांपूर्वीचे आहेत. आता अवघड भाग.

सहा वर्षांपूर्वी मी एका गीता अभ्यासगटात होतो. रविवारी सकाळी जमायचं, बहुतेक सगळे आयटीतले. नावनोंदणी, व्हॉट्सॲप ग्रुप, हॉलचं बुकिंग हे माझ्याकडे. शिकवायला एक वयस्कर गृहस्थ यायचे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. सुंदर शिकवायचे. मी आज जे काही वाचतो, त्यातलं निम्मं त्यांच्याकडून आलंय, हे आजही खोटं नाही.

गटातल्या एका मुलीने मला एकदा मेसेज केला, काकांच्या वागण्याबद्दल. तिने काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. हा प्रसंग लिहू का असं मी परवा तिला विचारलं, तेव्हा तिने एवढंच कळवलं, "तुझं तू लिही. माझं नको." म्हणून फक्त माझं लिहितो.

मी तिला म्हटलं, अगं, ग्रुपवर नको टाकूस, मी बोलतो. मग काकांशी बोललो, म्हणजे त्यांच्या घरी चहा घेत, शंभर वेळा माफी मागत, विषय काढला. ते चिडले नाहीत. हसले. म्हणाले, "साधनेच्या या टप्प्यावर मनाचे खेळ होतात रे. तिला जप वाढवायला सांग." आणि मी, बीई कॉम्प्युटर, आठ तास लॉजिकची कामं करणारा माणूस, तिला फोन करून सांगितलं की अगं, जप वाढव. वर सतराव्या अध्यायातला वाणीच्या तपाचा श्लोकही ऐकवला. बोलणं असं हवं की कोणाला उद्वेग होणार नाही, वगैरे.

गेल्या आठवड्यात तोच श्लोक इथे लिहिताना माझा हात अडखळला होता, तुमच्या लक्षात आलं नसेल. त्या श्लोकात चार अटी आहेत. बोलणं उद्वेग न देणारं हवं, सत्य हवं, प्रिय हवं आणि हिताचं हवं. चारही एकत्र. कोड लिहिताना चार कंडिशन्स 'अँड'ने जोडलेल्या असतील तर दोन तपासून पुढे जाता येत नाही. मी दोनच तपासल्या. कोणाला त्रास नको आणि कानाला गोड हवं. सत्य काय आणि तिचं हित कशात, या दोन अटी मी कमेंट करून टाकल्या. आणि त्याला शास्त्र म्हटलं.

ऑफिसमध्ये टेस्टरने बग टाकला तर आपण टेस्टरला प्राणायाम करायला सांगत नाही. लॉग उघडतो. मग सत्संगातच आपलं असं का होतं, की तक्रार करणाऱ्याच्याच हातात माळ दिली जाते?

ती त्यानंतर यायची बंद झाली. दोन-तीन जणांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, तिचं शिफ्टचं कामकाज बदललंय. हेही मीच म्हटलं. पुढच्या वर्षी माझी नोकरी बदलली, मीही तो गट सोडला, आणि विषय मनातून काढून टाकला. शनिवारी लग्नाच्या त्या दृश्यात, आवाज न येता बातमी चेहऱ्याचेहऱ्यावरून जाताना पाहिली आणि त्यात एक चेहरा माझा होता. मारणाऱ्यांचा नव्हे. ऐकून पुढे पाठवणाऱ्यांचा.

मी स्वतःला विचारलं की असं का केलं. काकांना मी घाबरत नव्हतो. पैशांचा संबंध नव्हता. खरं कारण हे की मला ती रविवारची सकाळ हवी होती. आठवडाभराच्या डेडलाइन्सनंतर ते तीन तास माझ्यासाठी देवघर होते. तिचं म्हणणं खरं असेल तर ते देवघर मोडणार होतं. म्हणून मी ते वाचवलं आणि त्याची किंमत तिला भरायला लावली. कपडे धुवायला पाठवणाऱ्यांचंही याहून वेगळं काही असेल असं मला वाटत नाही. आपली श्रद्धा पांढरीशुभ्र राहायला हवी, ती कोण कशी धुतंय हे बघायचं नाही.

सिनेमात क्रिस्पिना नावाची एक भोळी मुलगी आहे. तिचा गैरफायदा घेणारा पाद्रीच उघड्यावरच्या प्रार्थनेत सर्वांसमोर उभा असतो, आणि ती ओरडायला लागते की हा देवाचा माणूस नाही. पुन्हा पुन्हा तेच ओरडते, थांबतच नाही. त्या अख्ख्या सिनेमात सर्वांत खरं वाक्य तिचं आहे. तिला मग वेड्यांच्या इस्पितळात टाकतात. श्रद्धा तिच्याकडे कमी होती का? मला तर वाटतं, देवाचा माणूस कसा असायला हवा हे तिथे फक्त तिलाच ठाऊक होतं. म्हणून तर ती ओरडली.

आणि शेवटी मार्गारेट. धाकटा भाऊ मोठा होऊन तिला न्यायला येतो. बाहेर पडताना समोरून बिशप येतो. ती त्यालाच बाजूला व्हायला सांगते. तो तिला झिडकारतो, तेव्हा ती तिथेच गुडघे टेकते आणि येशूने शिकवलेली प्रार्थना म्हणू लागते. मग बिशपलाच बाजूला व्हावं लागतं. हे दृश्य मी तीनदा मागे नेऊन पाहिलं. चार वर्षं ज्या प्रार्थनेच्या नावाखाली तिला राबवलं, ती प्रार्थना तिने त्यांना देऊन टाकली नाही. ती तिची होती. आपल्याकडे कान्होपात्रेची कथा सांगतात, तिला धरून न्यायला माणसं आली तेव्हा ती विठ्ठलाच्या पायाशी गेली. पंढरपूरच्या देवळात तिचं झाड आजही दाखवतात. नाम पीडलेल्याच्या बाजूचं असतं, असं मी संतांकडून शिकलो. गादीच्या बाजूचं ते असायलाच हवं असं नाही.

त्यामुळे हे वाचून कोणी म्हणू नये की मग धर्मच नको. मला तो हवाय. म्हणूनच लिहितोय.

रविवारी रात्री मी तिला लिहिलं. माफ कर असं म्हटलं नाही, कारण मग पुन्हा काहीतरी करायची पाळी तिच्यावर आली असती. एवढंच लिहिलं की तू खरं सांगितलं होतंस, मी ते दाबलं, आणि तू कधीही म्हणालीस तर हे मी कोणासमोरही सांगेन. तिचं उत्तर आलं, "वाचलं." दुसऱ्या दिवशी या लिखाणाबद्दल विचारलं तेव्हा ते वरचं वाक्य आलं. बाकी काही नाही, आणि मला त्याहून जास्तीचा हक्कही नाही. गटाचे आताचे जे दोन संयोजक आहेत, त्यांनाही कळवलं, तिचं नाव न घेता, माझ्या वागण्यापुरतं. एकाने फोन उचलणं बंद केलंय. दुसरा म्हणाला, "तू म्हणतोयस ते मी आधीही ऐकलंय." हे ऐकून मला झोप लागली नाही.

२०१३ च्या फेब्रुवारीत आयर्लंडच्या पंतप्रधानांनी संसदेत या बायकांची माफी मागितली. त्यांच्यातल्या काही जणी वर गॅलरीत बसल्या होत्या, म्हाताऱ्या झालेल्या. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. चांगलं झालं. पण शेवटची लाँड्री बंद होऊनही तेव्हा सोळा वर्षं झाली होती.

आजचं चिंतन: आपल्या सत्संगात, मठात, गटात कोणी तक्रार घेऊन आलं, तर पहिल्या पाच मिनिटांत मी काय करतो? ऐकतो, की साधना वाढवायला सांगतो? ज्याने चूक केली त्याला प्रश्न विचारतो, की ज्याला लागलं त्यालाच तप लावतो? आज माळ ओढताना एक माळ अशा कोणासाठी तरी करा, ज्याचं तुम्ही ऐकून घेतलं नव्हतं. आणि नंबर फोनमध्ये असेल तर माळ झाल्यावर फोन करा. नुसत्या माळेवर भागवू नका.

उद्यापासून दानाचे श्लोक.

राम कृष्ण हरी.